वाटणीत राहून गेलेली तार

तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, उंदीर आहे. चर्र व्हायचं, थांबायचं, पुन्हा चर्र. मधल्या खोलीत कापूस भरलेला होता, पार आढ्यापर्यंत. भाव पडला होता म्हणून यंदा गावात कोणी कापूस विकायला काढत नव्हतं, आमचाही तसाच पडून होता. दार उघडलं की समोर पांढरी भिंत. मी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या, खराट्याच्या मुठीनं चौकट ठोकली. माणसाची चाहूल लागली की उंदीर गप होतो. हा गप झाला नाही.

मग वास आला. रबरी चप्पल चुलीजवळ राहिली की येतो तसा.

मी खोलीची बटणं बंद केली. आवाज चालू. धावत ओसरीत आले आणि मेन पाडला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, सगळं घर मुकं झालं, आणि त्या शांततेत तो आवाज अजूनच नीट ऐकू यायला लागला. लाइन बंद आहे आणि लाइनचा आवाज चालू आहे, हे माझ्या डोक्यात शिरेना.  मी तुळईकडे बघत बसून राहिले. थोड्या वेळानं तो आपोआप थांबला.

मधल्या खोलीच्या मागे एक खोली आहे. तिला दुसरं दार नाही, जायचं यायचं ते कापसाच्या खोलीतूनच, भिंतीला धरून सोडलेल्या बोळीतून. पोरीच्या पहिल्या बाळंतपणासाठी ती खोली मी सारवून ठेवली होती. पोरगी यवतमाळला राहते, सातवा लागला की माहेरी आणायची असं ठरलेलं. तो आवाज ऐकल्यापासून मी रोज त्या खोलीत जाऊन उभी राहायची आणि मनात म्हणायची, इथं बाज टाकली, बाजेवर ती आणि लेकरू, आणि बाहेर कापूस पेटला, तर ती कुठून निघेल?

कापूस पेटलेला मी पाहिला आहे. माझ्या माहेरी एका घरी पेटला होता. तो लाकडासारखा भडकत नाही. ठिणगी पडली की ती आत शिरते आणि आतल्या आत चालत राहते. वरून पांढराशुभ्र, हात घातला तर निखारा. लोकांनी पाणी मारलं, विझला म्हणून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो भलत्याच कोपऱ्यातून पुन्हा निघाला.

पोरीचे बाबा वावरातून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं.

“उंदीर असन,” ते म्हणाले.

“मेन बंद केला तरी येते आवाज.”

“मंग तर पक्का उंदीरच. उंदराले काय मीटर लागते?”

ते हसले. मीही हसले, कारण ते हसले की घरात बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा दाराशी कान लावून उभी होते.

गावात विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून देणारा एक वायरमन आहे, घरांची फिटिंगही तोच करतो. मी मागेच लागले म्हणून यांनी त्याला बोलावलं. तो दुपारी आला. त्यानं दाराजवळचा बोर्ड उघडला, टेस्टर लावला, एक बटण बदललं. तेव्हा आवाज नव्हता.

“काहीच नाही, काकू.”

मी पदर सावरून हळूच म्हटलं, “मेन पाडला तरी चालूच राह्यते.”

“मेन पाडला म्हंजे तार मेली. मेलेली तार बोलत असते काय?” तो म्हणाला, आणि यांच्याकडे बघून डोळे मिचकावले. “काकूले भूत दिसून राह्यलं.”

बोर्डाच्या पुढची तार कापसामागून जाते. ती त्यानं पाहिली नाही, आणि पाहायची म्हटली तर कापूस काढावा लागला असता. कापूस काढून ठेवायचा कुठं? अंगणात दव पडत होतं.

पोरीला मी फोनवर सगळं सांगितलं. तिच्या बाळंतपणाच्या खोलीची मला भीती वाटते हे मात्र सांगितलं नाही. तिनं मोबाइलवर काही काही वाचलं आणि संध्याकाळी उलटा फोन केला. “आई, आपल्या घरी जो साधा ब्रेकर हाय ना, त्याले ठिणगी समजत नाही. लोड जास्त झाला तरच तो पडते. ठिणगी ओळखणारा अलग ब्रेकर निघाला आता. आर्क फॉल्ट म्हणतेत त्याले.”

ते नाव माझ्या तोंडात बसलं नाही. मी त्याला ठिणगीचा ब्रेकर म्हणत आले.

दारव्ह्याहून एसटीनं मी यवतमाळला गेले. पोरगी मला घेऊन दुकानं हिंडली. ती पोट सांभाळत पुढं, मी तिच्या मागं. दुकानात मी बोलले नाही. मला पुरुषांच्या दुकानात बोलता येत नाही, भाजीवाल्याशीही मी बोटानं दाखवते. पहिल्या दुकानातल्या माणसानं एक डबी समोर ठेवली. “हे घेऊन जा, करंट बसला की पडते.”

“करंट नाही, ठिणगी,” पोरगी म्हणाली. “ठिणगी पकडणारा पाहिजे.”

“ठिणगी पकडाले फायर ब्रिगेड हाय ना, ताई.”

दुकानातली गिऱ्हाईकं हसली. मला वाटलं परत जावं. पण पोरगी आपल्या बाबांवर गेली आहे, तिला हसण्यानं फरक पडत नाही. पुढच्या दुकानात नव्हता. त्याच्या पुढच्या दुकानात नावही ऐकलेलं नव्हतं. शेवटी बसस्टँडाच्या मागच्या गल्लीत एक वयस्क दुकानदार भेटले. त्यांनी चष्मा लावून एक जाड पुस्तक चाळलं आणि म्हणाले, “आहे. नागपूरहून मागवावा लागेल. पण एक सांगा, घरात न्यूट्रल कॉमन तर नाही ना?”

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

“हा ब्रेकर दोन गोष्टी बघतो,” ते म्हणाले. “ठिणगीही बघतो, आणि गेली तितकी लाइन परत आली की नाही तेही बघतो. परतीची तार दुसऱ्या कोणाची मिसळलेली असली तर हा टिकणार नाही, पडत राहील.”

“नाही, आमचं मीटर अलग हाय,” पोरगी म्हणाली.

मीही मान हलवली. मीटर अलग होतं, ते खरंच होतं.

मागच्या उन्हाळ्यात आमची वाटणी झाली. घर एक होतं, त्याच्या मधोमध भिंत आली. समोरचा भाग आमचा, मागचा माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे यांच्या मोठ्या भावाचा. पंचांनी वावर मोजलं, विहिरीच्या पाळ्या लावल्या, कडुनिंबाची सावली कोणाच्या अंगणात पडते यावरसुद्धा वाद झाला. जातं त्यांच्याकडे गेलं, उखळ आमच्याकडे राहिलं. मीटर दोन झाले. मीटरवरचा एक लहान तांबडा दिवा तेव्हापासून पेटलेलाच होता, हे म्हणायचे नव्या मीटरला असतो. तारेची वाटणी कोणी केली नाही. तार भिंतीवरच्या पट्टीच्या आत असते, कोणाला दिसते?

वाटणीच्या वेळी भासरे पोरीच्या बाबांना चारचौघांत काहीतरी बोलले, तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आणि मी तर भासऱ्यांशी कधीच बोलले नव्हते. आमच्यात बोलत नाहीत. ते ओसरीत आले की मी पदर घेऊन आत जायची. मी विहिरीवर असले की ते वाट बदलायचे. काही सांगायचंच असलं तर मी त्यांना ऐकू जाईल असं गाईला सांगायची, “गाये, वैरण संपली वं,” आणि संध्याकाळी वैरण यायची. असं लग्नापासून चाललं होतं, आणि त्यात कोणाला काही वाईट वाटत नव्हतं. आता गाय त्यांच्या वाट्याला गेली होती.

ब्रेकर आला. वायरमननं तो मेनच्या शेजारी बसवला. छोटीशी पांढरी डबी, तिच्यावर एक हिरवा ठिपका. मी त्या ठिपक्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होते. पोरीला फोन करून सांगितलं की लागला एकदाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी टाकत होते आणि खट्‌ झालं. लाइट गेली. त्याच क्षणी भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज, “अरे देवा, लाइन गेली काय वं?”

मी ब्रेकर वर केला. लाइट आली. क्षणभर थांबून पुन्हा खट्‌. पलीकडे पुन्हा अंधार, पुन्हा आरडाओरड. तिसऱ्या वेळी जाऊबाई अंगणाच्या भिंतीशीच आल्या.

“काय करून राह्यली वं तू तिकडं? आमची लाइन काहून बंद करून राह्यली?”

“मी नाही केली जी, आमचीच पडून राह्यली.”

“तुमची पडते तं आमची काहून जाते? अलग झाले ना तुम्ही? आता अंधार बी आमाले वाटून देता काय?”

मला हसू आलं. माझ्या घरातला ब्रेकर पडतो आणि त्यांच्या घरी अंधार होतो. म्हणजे भिंतीच्या आत काहीतरी आहे जे दोन्ही घरांचं आहे, आणि ते माझ्या कापसाच्या मागे आहे.

वायरमन आला. “माल खराब हाय,” म्हणाला. पोरीनं दुकानदारांना फोन लावून दिला. मी फोन चुलीजवळ पाटावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि मी, हे, वायरमन तिघं भोवती बसलो. दुकानदारांनी खूप प्रश्न विचारले. मीटरवर तांबडा दिवा आहे का, असंही विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाले, “गेलेली आणि परतलेली लाइन जुळली नाही की तो लागतो.”

मग म्हणाले, “लाइन एका तारेनं जाते आणि काम करून दुसऱ्या तारेनं परत येते. जाणारी तार तुमची वेगळी झाली, तुमच्या भावाची वेगळी झाली. परतीची एकच राहिली. त्यांच्याकडे सकाळी काय लावतात?”

“पाणी तापवाचा रॉड,” मी म्हटलं. फोनशी बोलायला मला लाज वाटली नाही.

“त्या रॉडचा सगळा भार तुमच्या भिंतीतून परत जातो. तिथं कुठं तरी जोड ढिला आहे, तिथं ठिणगी. तुमचा मेन फक्त तुमची जाणारी तार तोडतो; ब्रेकर दोन्ही तोडतो, म्हणून त्यांच्याकडे अंधार. तुम्ही मेन पाडा नाहीतर गाव सोडून जा, त्यांचा रॉड चालू तर तुमची ठिणगी चालू.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते. उंदराचं कोणी काही बोललं नाही.

“मंग दुसरा ब्रेकर द्या ना, असा चालणारा,” हे म्हणाले.

“एकाच घरातल्या दोन लाइनींची परतीची तार एक असती, तर दोन्हींना एकत्र धरणारा ब्रेकर असतो. तो मी शोधून दिला असता. पण दोन मीटरची एक तार, त्याला बसणारा ब्रेकर नाही. नागपुरातही नाही, मुंबईतही नाही. तुमची परतीची तार वेगळी करा, मग हाच ब्रेकर नीट बसेल. त्यासाठी दोन्ही घरचे बोर्ड एका वेळी उघडावे लागतील.” मग ते थोडं हसले. “म्हणजे आधी भाऊ जोडा, मग तार तोडा.”

फोन बंद झाला. हे वायरमनवर उखडले. “तूच केलती ना फिटिंग?”

“मले म्हटलं मीटर अलग पाहिजे, मी फेज अलग केला. ठंड्या तारेले, परतीच्या, कोण इचारते, भाऊ? ठंडी ते ठंडी.”

त्यानं ब्रेकर काढला आणि लाइन पहिल्यासारखी जोडून दिली. मी ब्रेकर फडक्यात बांधून पेटीत ठेवला.

“तुम्ही जाऊन या ना पलीकडं,” मी यांना म्हटलं.

“मी नाही जात त्याच्या दारात.”

“पोरगी येऊन राह्यली.”

“तं कापूस इकून टाकू. पण त्याच्या दारात नाही.”

कापूस मात्र विकला गेला नाही. भाव वाढेल असं बोरी गावच्या बाजारात कोणीतरी सांगितलं होतं.

मी भिंतीवरून जाऊबाईंना म्हटलं, जरा घाबरतच, “बाई, रॉड नोका लावत जाऊ काही दिवस. चुलीवर तापवा पाणी. आमच्या इकडं ठिणग्या पडतेत.”

“तुमच्या इकडं पडतेत ना? आमच्या इकडं नाही पडत. आमचा बोर्ड आमी कायले उघडाचा? आता आंघोळ बी तुले इचारून कराची काय?”

त्या वाईट नाहीत. वाटणीआधी आम्ही एका ताटात जेवलो आहे. पण वाटणीनंतर प्रत्येक गोष्टीत त्यांना आमचा डाव दिसायचा, आणि यांना त्यांचा.

मग मी एकटीच कापूस काढायला लागले. रोज सकाळी हे वावरात गेले की मी टोपली घेऊन खोलीत शिरायची आणि भिंतीजवळचा कापूस ओढून दुसऱ्या बाजूला टाकायची. जागा करावी आणि वरून घसरून पुन्हा भरावी. नाकातोंडात रुई जायची, अंगभर खाज. तरी वीतभर, मग हातभर जागा झाली. वर तारेच्या पट्टीच्या मधोमध जोडाची एक गोल डबी दिसली. तिच्याखाली चुन्यावर काळा ओघळ होता, काजळ ओघळावं तसा. मी पाटावर चढून डबीजवळ हात नेला. हात लावायच्या आधीच डाव्या अंगानं ऊब लागली, तान्ह्या लेकराला ताप असतो तशी. मी उतरले आणि अंगणात जाऊन बसले. पोरीचा फोन आला, “आई, मंग कधी येऊ?” मी म्हटलं, “पंचांगात पाहून सांगतो.” मी तिला असं कधी फसवलं नव्हतं.

ज्या सकाळी ते झालं, हे मजुरांना घेऊन वेचणीला गेले होते. जाऊबाई आदल्या दिवशी माहेरी गेल्या होत्या. त्या नाहीत तर आज रॉड लागणार नाही असं मला वाटलं, आणि मी जरा निवांत चहा घेत होते.

चर्र सुरू झालं. पण आज ते थांबत नव्हतं. मग पट्‌ असा आवाज, लाही फुटावी तसा, आणि पाठोपाठ धूर. मी खोलीत गेले. डबीतून निळसर उजेड येत होता, आणि तिच्यातून काहीतरी वितळलेलं, पेटतं, खाली कापसावर पडलं. मी केलेली जागा रात्रीतून पुन्हा भरली होती. तो ठिपका कापसावर पडला आणि दिसेनासा झाला. आत गेला.

मी मेन पाडला. हात आपोआप तिकडेच गेला. काही फरक पडला नाही, आणि पडणार नाही हे मला माहीत होतं.

मी पळत भासऱ्यांच्या अंगणात गेले. वाटणीनंतर त्या फाटकातून मी गेले नव्हते. ते ओट्यावर बसून दाढी करत होते. समोर आरसा, अर्ध्या तोंडाला साबण, आणि शेजारी बादलीत रॉड. मला पाहिलं तसे ते चटकन उठले, मान फिरवली, आणि दारातून आत जायला लागले. जाता जाता जाऊबाईंबद्दल, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “घरी नाही ते. माहेरी गेली.”

ते माझा मानच राखत होते. आणि मी तिथं उभी राहिले, डोक्यावर पदर, तोंड बंद. गाय गोठ्यात होती. मी खरंच गाईकडे पाहिलं. माझ्या तोंडात आलं होतं, गाये, कापूस पेटला वं. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला माहीत नव्हतं. कधी मारलीच नव्हती.

“दादा,” मी ओरडले. “रॉड काढा! कापूस पेटून राह्यला!”

ते वळले. माझ्याकडे पाहिलं, सरळ तोंडाकडे. मग मला वाटलं त्यापेक्षा फार लवकर त्यांनी बटण पाडलं, रॉड उपसून फेकला, आत जाऊन मेन पाडला आणि माझ्या पुढं धावत आमच्या घरात शिरले. वाटेत त्यांची चप्पल राहून गेली.

“कुठं पडलं?”

“डबीच्या खाली. आत गेलं.”

त्यांनी दोन्ही हात कापसात घातले आणि मोठे मोठे कवळे बाहेर काढायला लागले. मी ते उचलून अंगणात नेत होते. तिसऱ्या की चौथ्या कवळ्यात धूर होता. त्यांनी तो उलगडला तर आत विडीचं टोक असतं तेवढंच तांबडं, पण मी बघता बघता ते रुंद होत होतं. “पाणी! वरून नाही, आत टाक, आत!” मी कळशी ओतली. हात पोळला ते नंतर कळलं. शेजारची माणसं आली, कोणी पायली, कोणी टोपली, कोणी नुसत्या लुगड्याच्या ओच्यात कापूस बाहेर नेत होतं. कोणीतरी वावराकडे सायकल पळवली.

हे आले तेव्हा खोली अर्धी रिकामी झाली होती. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं, मोठा भाऊ कमरेपर्यंत कापसात, अर्ध्या तोंडावर साबण वाळलेला, डोक्यात रुई.

“मेन बंद कर ना बे पयले!” भासरे ओरडले.

“बंदच हाय!” मागून मी म्हटलं.

“माह्या घरचा बी बंद केला मी,” भासरे म्हणाले, जरा हळू. “हे धर.” आणि त्यांनी यांच्या हातात एक कवळा दिला. यांनी तो घेतला.  दोघं संध्याकाळपर्यंत कापूस ओढत होते.

कापूस अंगणात पसरला. तो पसरलेला पाहूनही मला शांती नव्हती. मी फिरून फिरून प्रत्येक ढिगात कोपरापर्यंत हात घालत होते. दुसऱ्या दिवशीही घालत होते. जाऊबाई माहेरून परत आल्या, त्यांनी अंगण पाहिलं, माझा पोळलेला हात पाहिला, आणि त्याही दुसऱ्या टोकापासून हात घालून बघायला लागल्या. नंतर म्हणाल्या, “मले काय माहीत वं, माह्या आंघोळीनं एवढं होते म्हणून.”

वायरमन आला तेव्हा दोन्ही घरचे बोर्ड एकदम उघडले. भासरे मधल्या खोलीच्या दारात उभे होते. वायरमननं विचारलं, जळलं नेमकं कुठून? डबीतून चार तारा निघतात.

भासरे आढ्याकडे बघत म्हणाले, “तिले इचार. तिले माहीत हाय.”

मी पदर पुढं ओढला. पण आत गेले नाही. “डाव्या अंगाची,” मी म्हटलं. “तीच गरम होत होती.”

डबी उघडली तर डाव्या अंगाच्या दोन तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चिकटपट्टीचा कोळसा झाला होता, तांब्याची टोकं काळी पडून झिजली होती. ठंडी तार.  वायरमननं ती तोडली, भासऱ्यांची परतीची तार त्यांच्या मीटरपर्यंत नवीन ओढली, आमची आमच्या मीटरपर्यंत. ब्रेकर पेटीतून काढून मीच त्याच्या हातात दिला.

“आता रॉड लावाले सांगा,” तो म्हणाला.

भासरे पलीकडे गेले. मी मधल्या रिकाम्या खोलीत, नव्या डबीखाली उभी राहिले. कापूस नसल्यामुळे खोली फार मोठी वाटत होती, आवाज घुमत होता. पलीकडून जाऊबाई ओरडल्या, “लावला वो!”

मी कान देऊन ऐकत होते. हे ओसरीत ब्रेकरजवळ उभे होते. भिंतीपलीकडे पाणी तापायला लागलं तेव्हा बादलीतला बारीक आवाजसुद्धा मला ऐकू आला. भिंतीतून काहीच आलं नाही. ओसरीत येऊन पाहिलं तर ब्रेकर वरच होता आणि मीटरवरचा तांबडा दिवा गेला होता.

तरी मी पोरीला लगेच फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉड लागला, तेव्हा पाटावर चढून डबीला पालथा हात लावला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही लावला. कापूस खोलीत परत भरायचा नाही असं मी यांना सांगितलं, आणि त्यांनी अंगणातल्या ढिगांवर टाकायला ताडपत्री आणली.  कदाचित मी सांगितलं म्हणूनच आणली, कारण मी असं कधी सांगत नाही.

मग एका दुपारी मी मागच्या खोलीत बाज टाकली. बाजेवर बसून दारापर्यंत किती मोकळं आहे ते पाहिलं. भीती गेली नव्हती. ती आता मला वाटतं जाणारच नाही, लाइट लावताना माझा हात अजून थबकतो. पण खोलीतून बाहेर जायला वाट होती.

मी पोरीला फोन लावला आणि म्हटलं, “ये.”